चुकीची हाताळणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण एखाद्या कंपनीच्याच माणसाने काढली असणार, असं दावा लावला त्या दिवशी घड्याळजी दुकानात चारचौघांसमोर म्हणाले होते. "कंपनी कितीही मोठी असू दे, शेवटी ती स्क्रूंवरच उभी असते. आणि स्क्रू आपल्याला कळतात." सगळे हसले होते. त्याला आता सहा वर्षं झाली. हसणाऱ्यांतले दोघे वारले, दुकान बंद झालं, कंपनीने पाच वकील बदलले. घड्याळजींच्या वकीलबाई मात्र त्याच होत्या, फक्त केस पिकलेल्या.

भांडण कपडे धुण्याच्या मशीनचं होतं. घरी आल्यापासून तिसऱ्याच आठवड्यात त्याने अंग टाकलं. पाणी भरायचं, दोन गिरक्या मारायचं, की तीन तांबडे दिवे लुकलुकले आणि सगळं थंड. कंपनीने एक माणूस पाठवला. त्याने मशीन उघडलंसुद्धा नाही. लांबूनच बघितलं आणि कार्डावर लिहिलं, 'ग्राहकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे बिघाड.'

आता ग्राहक म्हणजे घड्याळजींची बायको. तिने मशीनसोबतचं पुस्तक परीक्षेला बसल्यासारखं वाचलं होतं, तांबड्या पेन्सिलीने खुणा करकरून. जन्मात कुणाची वाटी परत करायला विसरली नाही अशी ती बाई, आणि तिच्या नावावर ही ओळ! ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडी घासता घासता ती मध्येच थांबायची आणि विचारायची, "अहो, पण माझं नेमकं काय चुकलं?"

त्या प्रश्नापायी घड्याळजी दिवाणी कोर्टात गेले. मागणी एकच, ती ओळ खोटी आहे असं कोर्टाने म्हणावं. वकीलबाईंनी दावा घेतला आणि बजावलं, "मशीन हाच पुरावा. कोर्टाचा माणूस येऊन तपासेपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

लावला नाही. मागच्या खोलीत त्याच्यावर जुनी चादर पडली आणि त्याच्याच शेजारी बसून बायको हाताने कपडे धुऊ लागली. चार वर्षं धुतले. चौथ्या वर्षी, दोन तारखांच्या मधे, ती गेली. शेवटच्या आठवड्यातही तिने विचारलं होतं, "कोर्ट काही म्हणालं का?" घड्याळजींनी सांगितलं, "म्हणेल." त्या एका शब्दाची त्यांना अजून लाज वाटत होती.

आणि सहाव्या वर्षी कोर्टाने हुकूम काढला. गुरुवारी अकरा वाजता तपासनीस घरी येणार.

बुधवारी दुपारी सून म्हणाली, "बाबा, उद्या माणसं येणार आणि मशीनवर बोटभर धूळ. वरवर तरी पुसून घ्या."

घड्याळजींनी फडकं घेतलं. वरून पुसलं, बाजू पुसल्या. मग मागची बाजू पुसताना त्यांना पत्र्याचा एक स्क्रू सैल दिसला. पेचकस खिशातच होता. दुकान सुटलं तरी तो सुटला नव्हता. आता, सैल स्क्रू बघून पुढे जाणारा घड्याळजी अजून जन्मायचा आहे. तो आवळायचा, तर आधी आतली धूळ काढायला हवी. ती काढायची, तर पत्रा उतरवायला हवा. "नुसतं बघतो," ते स्वतःशी म्हणाले.

आणि दिसलं. मोटारीच्या पट्टीखाली एक वायर चेंगरलेली होती. पट्टीच्या स्क्रूवर कारखान्याचा तांबड्या रंगाचा ठिपका, अगदी अखंड. म्हणजे कारखाना सोडल्यापासून तो स्क्रू कुणी फिरवलाच नव्हता. वायर चेंगरली ती तिथेच. सहा वर्षं कोर्ट जे शोधत होतं ते एका ठिपक्यात मावत होतं. घड्याळजींचे डोळे भरून आले. त्या वेळी त्यांनी हात खिशात घालून सुनेला हाक मारायला हवी होती.

पण चाळीस वर्षांची सवय. समोर उघडी वस्तू, हातात पेचकस. स्क्रू फिरला, ठिपका फुटला, वायर सुटली. तिला टेप गुंडाळली, पट्टी बसली, धूळ गेली, तेलाचा थेंब पडला, पत्रा लागला. बटण दाबलं तसं मशीन घुमू लागलं. घड्याळजी दुकानात गिऱ्हाइकाकडे वळायचे तसे वळले आणि म्हणाले, "घ्या, झालं."

मागे कुणी नव्हतं.

आवाज ऐकून सून धावत आली. "बाबा, सुरू झालं की हो," ती हसत म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिने तोंडावर हात ठेवला.

जरा वेळाने ती हळूच म्हणाली, "परत बिघडवा ना. तुम्हाला काय अवघड आहे?"

घड्याळजी तासभर पेचकस घेऊन मशीनसमोर बसून राहिले. मग उठले. "तुझ्या सासूबद्दल खोटं लिहिलं म्हणून मी कोर्टात गेलो. आता मीच खोटं करू?"

गुरुवारी तपासनीस आले, दोन्हीकडचे वकील आले, कंपनीचा मेकॅनिक आला. मशीनने टॉवेल असा धुतला की कंपनीच्या वकिलांना त्यावर मान टेकून पडावंसं वाटलं असेल. "उत्तम चालतंय. लिहून घ्या," ते म्हणाले.

"काल मी दुरुस्त केलं," घड्याळजी म्हणाले.

वकीलबाईंनी डोळे मिटले. कंपनीचे वकील मात्र खुलले. "म्हणजे पुराव्याला हात लावला. तेही लिहा."

"वायर दबलेली होती. ही बघा."

"ही टेप कुणाची?" तपासनीसांनी विचारलं.

"माझी."

तेही लिहिलं गेलं. सगळे जिना उतरले. वकीलबाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, "घड्याळजी, एकच गोष्ट सांगितली होती हो."

मेकॅनिक हत्यारं गोळा करत मागे रेंगाळला. "काका, वायर नेमकी कुठे दबली होती? रोज हीच तक्रार येते आमच्याकडे."

"मग तुम्ही लिहिता काय?"

"चुकीची हाताळणी. कार्डावर दुसरा रकानाच नाही."

घड्याळजींनी त्याला पट्टी दाखवली, कुठला स्क्रू किती सैल करायचा तेही शिकवलं. विद्या लपवायची नाही, ही आणखी एक खोड. मग म्हणाले, "आता माझं एक काम कर. हे मला लिहून दे."

त्याने एकदा जिन्याकडे बघितलं. कोऱ्या कार्डाच्या मागे लिहिलं, 'वायर कारखान्यातच दबलेली. बाईंची काही चूक नाही.' खाली सही केली आणि कार्ड देताना हात जोडले. "काका, कोर्टात दाखवू नका. नोकरी जाईल."

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "मशीन चालू आहे ना? मग दावा राहिला कशाचा?"

"एका ओळीचा, साहेब."

"ती ओळ खोटी असल्याचा काही पुरावा?"

कार्ड सदऱ्याच्या खिशात होतं. घड्याळजींचा हात खिशापर्यंत गेला. बायकोवरचा ठपका पुसायचा, तर दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला हवा होता. त्यांनी खिसा नुसताच चाचपला. "नाही, साहेब."

दावा फेटाळला. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

घरी येऊन त्यांनी बायकोच्या फोटोसमोर कार्ड मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग फोटोच्या चौकटीत मागून खोचून टाकलं. तिने विचारलं असतं, "मग हे तिथे का नाही सांगितलंत?" आणि कारण ऐकून म्हणाली असती, "बरं केलंत." निदान घड्याळजींनी तसं ठरवून टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा होता. बाईचा ध्वनिमुद्रित गोड आवाज. "आमच्या प्रतिनिधीने नुकतीच आपल्या मशीनची पाहणी केली. आपण समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा."

घड्याळजींना खूप बोलायचं होतं. सहा वर्षांचं होतं. पण पलीकडे ऐकणारं कुणी नव्हतं, नुसते आकडे होते. त्यांनी फोटोकडे बघितलं आणि दोन दाबलं.

"धन्यवाद. आपली तक्रार नोंदवली आहे. आमचा माणूस येईपर्यंत कृपया मशीनला हात लावू नये."