मॅडमच्या मापातले चार इंच

टेलरमामांनी त्या दुपारी ठरवलं, की शेळीला जंताचं औषध आपणच पाजायचं. एवढंच ठरवलं हो. माणूस रोज याहून मोठमोठ्या गोष्टी ठरवतो आणि काही होत नाही.

खरं तर मामी बहिणीकडे जाताना बजावून गेल्या होत्या, "संध्याकाळी मी आले की बघते. तुम्ही त्या बाटलीला हात लावू नका." आता नवऱ्याला असं सांगणं म्हणजे बाटलीचं झाकण उघडून हातात देणंच झालं. (इतकी वर्षं संसार करून मामींना हे कळू नये?)

शेळी मामींची. आई मेलेलं करडू होतं, मामींनी बाटलीने दूध पाजून, थंडीत स्वतःची शाल पांघरून वाढवलं. आता ती अंगणात अशी फिरायची, जसं काही सगळे तिचे भाडेकरू. मामा तिला मॅडम म्हणायचे, तेही मामींच्या माघारी. सकाळी आधी मॅडमचा चारा, मग मामांचा चहा.

हल्ली मॅडम खंगत चालली होती. केस राठ, हगवण, खाण्यावर लक्ष नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली. आतली कड लालबुंद हवी, ती फिकट. "जंत," डॉक्टर म्हणाले. "डोस वजनावर असतो. काटा नसेल तर पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. किती इंचाला किती औषध ते खोक्यावर छापलंय. तेवढंच पाजा. कमी पडलं तर जंत मरत नाहीत. आणि जास्त झालं तर..." मामींचा चेहरा उतरला.

मामांचं लक्ष मात्र 'छातीचा घेर' एवढ्यावरच अडकलं होतं. अहो, अर्ध्या गावाच्या छात्या त्यांच्या टेपखालून गेल्यात. हे काम बायकोने करायचं आणि आपण बघत बसायचं? दुकानाची इज्जत काय राहिली?

तर मामी गेल्या आणि मामांनी गळ्यातला टेप काढला. (तो फक्त आंघोळीला उतरतो.)

"सरळ उभ्या राहा," मामा म्हणाले. "पोट आत ओढू नका. सगळेच ओढतात, मला कळतं."

मॅडमने त्यांच्या पायावर पाय दिला. टेप फिरला. सव्वीस. मामांनी सवयीने दोन इंच लूज धरलं. बघून वाटलं, पोरगी वाढत्या अंगाची आहे, म्हणून आणखी दोन. झाले तीस. खोक्यावर तिसाच्या पुढे होतं तेवढं औषध त्यांनी पिचकारीत ओढलं, डॉक्टरांनी सांगितल्यासारखं मान फार वर न करता गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडलं, आणि फुल ऐटीत मशीनवर जाऊन बसले.

शाळेचा एक शर्ट बेतायचा होता. मामांनी खडू घेतला, कापडावर छातीची रेघ मारायला लागले. दोन लूज. दोन वाढतं अंग. आणि खडू जागच्या जागी थांबला.

फोन लावताना तीनदा चुकला. (दोनदा बटणवाल्याला लागला.)

"डॉक्टर, शेळीला डोस जास्त झाला."

"माप किती भरलं?"

"सव्वीस."

"पाजलं कितीचं?"

"तिसाचं."

"मधले चार कुठून आले?"

"दोन लूज धरले," मामा हळूच म्हणाले. "आणि दोन वाढत्या अंगाचे."

"तुम्ही तिला औषध पाजलंत की झबलं शिवलंत?"

"सवयीने झालं हो. घट्ट झालं की गिऱ्हाईक भांडायला येतं."

"बरं, आता काय करतेय ती?"

"बसलीय. डोळे अर्धे मिटलेत."

"थरथरतंय का?"

"हो, खूप."

"शेळी?"

"नाही, मी."

"तोंड हलतंय का तिचं?"

"हलतंय ना, सारखं. मला शिव्या देतेय वाटतं."

"रवंथ करतेय ती. चांगलं लक्षण आहे. बाटलीवरचं नाव वाचा."

मामांनी वाचलं. डॉक्टर म्हणाले, "हं." मामांनी बाटली पाठीमागे लपवली, जणू फोनवरून दिसत होती. "येतो मी. तोवर तोंडाकडे लक्ष ठेवा."

मामा मॅडमसमोर मांडी घालून बसले. आता शेळी एक घास चावून गिळते, जरा थांबते, मग दुसरा वर आणते. हे मामांना कुठं माहीत? ती थांबली की यांचा श्वास थांबायचा. मशीनवरची गादी आणून तिच्या मानेखाली दिली. "मॅडम, एकदा चावा. तुमच्या चाऱ्याआधी चहा मागणार नाही."

तेवढ्यात मामी आल्या. "काय झालं?"

"काही नाही, रवंथ करतेय."

"मग तुम्ही का रडताय?"

पाठोपाठ डॉक्टर. त्यांनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं, लूजसकट. मामी मॅडमच्या पाठीवर हात ठेवून बसल्या, आणि तो हात बघून मामांना वाटलं, औषध आपणच प्यायला हवं होतं.

डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पोट दाबलं, पापणी बघितली. "काही होत नाही. या औषधात तेवढा वाव असतो. दुसरं असतं तर मात्र अवघड होतं. आज भरपूर पाणी द्या, चारा द्या, उन्हात बांधू नका."

मामींनी पदराने डोळे पुसले. मामा तिथेच भिंतीला टेकले आणि मोठ्याने हसायला लागले. मॅडम उठली, अंग झाडलं आणि गादीचा कोपरा चघळायला लागली.

"पुढच्या डोसला माप मी घेणार," मामी म्हणाल्या.

"घे ना," मामा लगेच कबूल. "मी शेळीला धरतो."

डॉक्टरांनी बॅग आवरता आवरता आधी शेळीकडे बघितलं, मग मामांकडे.

"नको," ते म्हणाले, "शेळी शांत आहे. तिलाच यांना धरू द्या."