गजभिये मॅडमचे रविवार

गजभिये मॅडमकडे शिकायला आलेल्या प्रत्येक डॉक्टरचा धडधाकट पाय पहिल्याच दिवशी प्लास्टरमध्ये जायचा. मांडीपासून बोटांपर्यंत, तीन दिवस. मी साताऱ्याहून नागपूरला आलो तो हाडांचा डॉक्टर होऊनच. अपघातातल्या अवघड मोडतोडीच्या शस्त्रक्रिया शिकायला वर्षभराची फेलोशिप मिळाली होती. हातात ड्रिल येईल म्हणून गेलो, कुबड्या आल्या.

“मॅडम, मला काहीच झालेलं नाही.”

“म्हणूनच तर लावून राहिली मी,” ओली पट्टी गुंडाळत त्या म्हणाल्या. “आता सक्करदऱ्याले खोलीवर बसनं जाय. संडासात कसा बसला, ते तीन दिवसांनी सांगजो मले.”

मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

माणसाच्या तोंडाआधी त्या पाय बघत. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या वडिलांना आहेर द्यायच्या आधी, “उजवा खुबा दाखवून जा,” म्हणाल्या होत्या. ओपीडीत पेशंटला व्हरांडाभर चालवत आणि स्वतः फरशीवर बसून बघत; येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात. एक्स-रेचं कौतुक केलेलं मात्र खपत नसे. “फिल्म चालत नाई गा, माणूस चालते.”

चौथ्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा एक ऑपरेशन पूर्ण माझ्यावर सोपवलं. रामटेकजवळच्या शेवंताबाई, ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून नडगीचे तुकडे झाले होते. मी आत सळई घातली. एक्स-रे असा आला की मी तो मोबाइलमध्ये ठेवून सगळ्यांना दाखवत फिरलो. सहा आठवड्यांनी बोलावलं होतं, बाई आल्या नाहीत.

“बऱ्या असतील,” मी म्हणालो.

“नाई आली म्हणजे बरी झाली, हे तुले कोणं सांगतलं? रविवारी चाल.”

रविवारी त्यांच्या गाडीतून गेलो. शेवंताबाई वॉकर घेऊन अंगणात आल्या. पाऊल बाहेर फिरलेलं होतं. हाड सरळ बसवताना मी ते पिळलं होतं, आणि एक्स-रेत ते दिसत नव्हतं.

“काहून आली नाईस वं?” मॅडमनी विचारलं.

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं. “ह्या डॉक्टरनं लय मेहनत केली. त्याले वाईट वाटलं असतं.”

मॅडमनी पाय हातात घेऊन बघितला. हाड अजून पक्कं जुळलं नव्हतं, म्हणून सुधारता येणार होतं. आणखी उशीर झाला असता तर ते पुन्हा मोडावं लागलं असतं.

परतताना मला बोलणी बसतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, “मी शिकत होती तवा कोराडीचा एक माणूस होता, वीजघरातला. त्याचा पाय असाच फिरला माह्या हातून. तो आला नाई, मीही गेली नाई. दोन वर्षांनी बाजारात दिसला, पाय ओढत चालून राहिला होता. त्यानं मले नमस्कार केला. मी दुसऱ्या गल्लीत वळली.”

तेव्हापासून त्या दर रविवारी न आलेल्या पेशंटकडे जात. कोराडीला मात्र एकदाही नाही. मी त्या माणसाचा पत्ता विचारला तर न अडखळता सांगितला. रिटायर झाल्यावर त्यानं कोराडीतच कुठे घर बांधलं तेसुद्धा.

शेवंताबाईंचं दुसरं ऑपरेशन मीच केलं. मॅडम समोर मदतनिसाच्या जागी उभ्या राहिल्या आणि दोन्ही पावलं एका ओळीत येईपर्यंत मला टाके घालू दिले नाहीत. तीन महिन्यांनी बाई व्हरांड्यातून सरळ चालत आल्या, तेव्हा फरशीवर मीही बसलो होतो.

त्याच आठवड्यात मी म्हणालो, “मॅडम, या रविवारी कोराडी?” रविवारी गाडी तिकडेच वळली.

घरासमोर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंग धरून तशाच बसल्या. मी जाऊन दार वाजवलं, कोण आलंय ते सांगितलं. म्हातारा एक पाय ओढत फाटकाबाहेर आला, गाडीच्या खिडकीत वाकला.

“उतरा ना डॉक्टरीणबाई,” तो म्हणाला. “चहा मांडाले सांगतला हाये.”

मॅडमना दाराची कडी सापडेना. त्यानंच ते बाहेरून उघडलं.