हनुमंत मास्तरांचा पहिला रोजा

निवृत्त झाल्यावर वेल्ह्याच्या हनुमंत मास्तरांनी दुसऱ्या धर्माचा मोकळ्या मनाने अभ्यास करायचे ठरवले. मन मोकळे होतेच, पण चाळीस वर्षे शिकवण्यात गेल्यामुळे कुणाला काही विचारायची सवय राहिली नव्हती.

रमजान लागताच त्यांनी भोरच्या मुबारकभाईंना फोन लावला. मुबारकभाईंचे भोरात शिलाईचे दुकान, आणि दोस्ती जुनी.

"उद्या म्या रोजा धरणार. नुसतं वाचून धर्म कळत न्हाई, करून बघाय लागतं."

"जमंल का मास्तर? नियम सांगू का?"

"मला उपास शिकवता व्हय? जलमभर संकष्टी करतोय म्या!"

मुबारकभाईंना इतका आनंद झाला, की उद्या मास्तर आपल्याकडे रोजा सोडणार, असे त्यांनी गल्लीभर सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पहाटे आंघोळ केली. नऊ वाजता त्यांच्या पत्नी रत्नाबाईंनी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. बारा वाजता वरई आणि शेंगदाण्याची आमटी. तीन वाजता दोन केळी, वर चहा. मग मास्तरांनी भोरला फोन केला.

"काय सुदीक तरास न्हाई! लोक उगाच बाऊ करत्यात."

"कमाल हाय तुमची," म्हणून मुबारकभाईंनी ही बातमीही गल्लीत पोचवली.

संध्याकाळी मास्तर एसटीने भोरला पोचले. सतरंजीवर वीसेक माणसे बसली होती. मुबारकभाईंच्या पत्नी बानोभाभींनी मास्तरांच्या हातात खजूर दिला.

"भाऊजी, दिसभर पान्याचा थेंब न्हाई पोटात. अजान झाली की आधी ह्यो खावा."

"पानी बी चालत न्हाई?" मास्तरांनी विचारले. कित्येक वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कायच न्हाई!" मुबारकभाई सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "वाजिद, बघ जरा. पासष्टीचा मानूस हाय!"

मुबारकभाईंचा कॉलेजात जाणारा मुलगा वाजिद मान खाली घालून बसला. मास्तर गप्प राहिले असते, तर कुणाला काही कळलेही नसते. पण समोरच्या माणसांचे ओठ खरोखरच सुकले होते, आणि तीच माणसे कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. मास्तरांना मनापासून लाज वाटली. त्यांनी खजूर ताटलीत परत ठेवला.

"म्या खिचडी खाल्ली. दोन ताटल्या. वरई बी. केळी, च्या, समदं झालं."



"अब्बा," वाजिद म्हणाला, "उद्यापासनं मी काकांवानीच रोजा धरतो."

सगळी सतरंजी हसायला लागली. हसून हसून मुबारकभाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "घ्या खजूर, मास्तर. पाव्हणं हाय तुमी."

मास्तरांनी खजूर घेतला, पण खिशातली डायरीही काढली. "आता सांगा समदे नियम. उद्या नीट धरतो."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मुबारकभाईंचा फोन वाजला. मास्तरांचा आवाज पार खोल गेला होता.

"आमच्या हितं सूर्य तोरण्याआड गेला. सुटला का रोजा?"

"न्हाई मास्तर. डोंगराआड जाऊन चालत न्हाई. अजून तासभर हाय."



"मग फोन ठिवू नका," मास्तर म्हणाले. "एकट्यानं बघितलं की सूर्य हालतच न्हाई."

मुबारकभाईंनी मशीन थांबवले आणि मावळतीकडे तोंड करून खुर्ची दुकानाच्या दारात ओढली.