सदर पुस्तक माझ्या चांगल्या परिचयाचे असून

शिफारशीवाचून या जगात कोणाचं काही झालेलं नाही. माणूस जन्माला येतो तोसुद्धा कोणीतरी मध्ये पडून त्याच्या आईबापांचं लग्न जमवून दिलेलं असतं म्हणून; आणि मेल्यावर चार लोक उभे राहून ‘लाखातला माणूस होता हो’ म्हणतात, तीही वरच्या कचेरीसाठी केलेली शिफारसच. असं असताना लहान मुलांची पुस्तकं मात्र कोणाच्याही शिफारशीविना सर्रास वाचली जात होती. ही बेशिस्त वरच्या कार्यालयाच्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली, याचंच नवल.

लक्षात आली, आणि पवन मावळातल्या करंजवाडीच्या वाचनालयात परिपत्रक येऊन थडकलं. ‘मुलांमध्ये वाचनाची गोडी निर्माण होण्याकरिता नवीन बालपुस्तकांची स्थानिक पातळीवर शिफारस करून अहवाल सादर करावा.’ (सोबत नमुना तीन प्रतींत. तिसरी प्रत पुसट.)

त्या दिवशी वाचनालयात नवीन बालपुस्तकं सात होती आणि बालवाचक एक. हा वाचक म्हणजे वरच्या ठाकरवाडीतली छकुली, इयत्ता तिसरी. ती पायरीवर बसून ‘चांदी म्हैस पाण्याला जाते’ हे पुस्तक वाचत होती. तीस पानांपैकी बावीस झाली होती. चांदी धरणात डुंबायला उतरली होती, पाणी चढत होतं आणि तिच्या गळ्यातली घंटा वाजायची थांबली होती. नेमक्या त्याच वेळी ग्रंथपाल सुहासला ते पुस्तक तिच्या हातातून काढून घ्यावं लागलं. परिपत्रकात ‘नवीन’ असा स्पष्ट शब्द होता, आणि पोरांच्या हाताला लागलेलं पुस्तक नवीन राहत नाही हे कोणीही सांगेल.

“येवडं पान हू द्या की, भाऊ,” छकुली म्हणाली.

“आठ दिवसांत परत देतो. शब्द दिला.”

सुहासने हे मनापासून सांगितलं. तो सरळ माणूस होता. त्याचे आजोबा उतारवयात अक्षरं शिकलेले. ते म्हणायचे, वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक काढणं म्हणजे जेवत्याच्या पुढचं ताट ओढणं. पुस्तक टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावताना सुहासला ते आठवलं आणि जरा वाईट वाटलं. पण परिपत्रकाला जावक क्रमांक होता, आजोबांच्या म्हणण्याला नव्हता.

शिफारशीसाठी समिती नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षपदी रखमाजी आबांची एकमताने निवड झाली. शिफारशीचा एवढा अनुभव त्या खोऱ्यात दुसऱ्या कोणाला नव्हता. नवलाख उंबऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत चिकटायचं तर पोरगं आधी आबांचं पत्र घ्यायचं. आबांनी आजवर चारशे बारा पत्रं दिली, त्यांपैकी नऊ पोरं लागली. (सहा जण भलत्याच कंपनीत.) मजकूर तीस वर्षांत बदललेला नाही, यावरून त्याचा दर्जा लक्षात यावा. तज्ज्ञ म्हणून लोणावळ्याहून अनघाताई आल्या. त्या शनिवार-रविवारी एका बंगल्यात शहरातल्या मुलांसाठी पुस्तकमैत्री शिबिर घेतात. सदस्य-सचिव अर्थातच सुहास, कारण चहा त्यालाच सांगायचा होता.

पहिल्याच बैठकीत आबांनी मूळ मुद्द्याला हात घातला. “उमेदवार गावचं हायेत का? आधी भूमिपुत्र, मंग बाकीचं.”

छाननी झाली. पेंग्विनचं पुस्तक रहिवासी दाखल्याअभावी बाद झालं. स्वेटर घातलेला ससा आपल्या हवेत टिकणार नाही, म्हणून तोही गेला. ताऱ्यावर राहणाऱ्या मुलीचा पत्ता अपूर्ण निघाला. अशी सहा पुस्तकं गळाली.

“म्हस मातर आपल्यातलीच हाय,” आबांनी निकाल दिला. “धरानबी आपलंच दिसतंय.”

सुहासने चाचरत विचारलं, “कोणीतरी एकदा वाचून बघायचं का?”

“अहो सुहासदादा, वाचलं की मत बनतं,” अनघाताई म्हणाल्या. “समितीनं तटस्थ नको का राहायला?”

समितीच्या तटस्थतेवर आजतागायत कोणी बोट ठेवू शकलेलं नाही. अनघाताईंनी पुस्तक शास्त्रीय पद्धतीने तपासलं: वजन एकशे दहा ग्रॅम, कोपरे गोल, मुखपृष्ठाचा निळा रंग मनाला शांत करणारा, वास समाधानकारक. मग आबांनी पत्र दिलं, ते असं:

‘सदर पुस्तक माझ्या चांगल्या परिचयाचे असून ते सुस्वभावी, निर्व्यसनी व कष्टाळू आहे. त्याची घरची परिस्थिती बेताची आहे. ते तिन्ही पाळ्यांत काम करण्यास तयार आहे. तरी त्यास योग्य ते काम देऊन उपकृत करावे.’

आबांनी पत्र दिलं म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात होय! पतसंस्थेने दिलं, भजनी मंडळाने दिलं, धरणाकाठी पर्यटकांना तंबू भाड्याने देणाऱ्यांच्या संघटनेने तर रंगीत दिलं. एकूण आठ पत्रं जमली. (एकात पुस्तकाला लेखी परीक्षेत सवलत द्यावी, असं होतं.)

या सगळ्याला दहा महिने लागले. तेवढ्या काळात छकुली दर बुधवारी टेकडी उतरून येत होती.

“आठ दिस झालं का, भाऊ?”

“होतच आलेत, बाळा.”

तिच्या घरची म्हैस आदल्या साली धरणाकडं गेली ती परतली नव्हती. विचारलं की सगळे ‘यील, यील’ म्हणायचे. पुस्तकातली तरी आली का, एवढंच तिला बघायचं होतं. ती अशी एक्केचाळीस वेळा आली, आणि सुहासने दर खेपेला हजेरीपुस्तकात नोंद केली. साहजिकच बालवाचकांची हजेरी एकावरून एक्केचाळीसवर गेली, म्हणजे चार हजार टक्के वाढ. (आकडेमोड दोनदा तपासलेली आहे.) सुहासने तिच्यासाठी दुसरी प्रतही मागवली होती. उत्तर आलं की मागणी फक्त नवीन पुस्तकांची करावी. सदर पुस्तक शिफारशीत असल्याने जुने झाले आहे.

आता नियम असा की शिफारसपत्र पुस्तकास कायमचे जोडावे. सुरुवातीच्या पानांवर म्हशीची चित्रं होती, ती पाहुण्यांना दाखवायची. म्हणून मागून सुरुवात करायची ठरलं. पत्रं आठ, आणि तेविसाव्यापासून तिसाव्यापर्यंत पानंही बरोब्बर आठ; जणू लेखकाने समितीसाठीच सोडली होती. सुहासने स्वतः बसून एकेक पत्र मापात कापून चिकटवलं. तेविसाव्या पानाशी त्याचा हात थांबला. ‘तेवढ्यात चांदीने’ एवढे पहिले दोन शब्द नजरेस पडले. पुढचं वाचायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. पण अहवालाची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती, म्हणून त्याने डिंक लावला.

वाचनगोडी सोहळा दणक्यात झाला. परिपत्रकात गोडी म्हटलेलं असल्यामुळे आधी लोणावळ्याची चिक्की वाटली. साठ पोरं जमली आणि सगळ्यांना गोडी लागली. (कशाची, हा रकाना नमुन्यात नव्हता.) मग प्रकट वाचनासाठी छकुलीला बोलावलं, कारण दप्तरी दुसरा वाचक नव्हता. तिने पुस्तक घेतलं ते थेट बावीस नंबरचं पान उघडलं.

“पाणी चांदीच्या मानेला लागलं. घंटा वाजायची थांबली.” ती समोरच्या पानाकडे वळली. “सदर पुस्तक माझ्या चांगल्या परिचयाचे असून...”

पोरीला वाटलं, गोष्टच पुढं चाललीय. ती न अडखळता वाचत गेली. प्रत्येक सहीला टाळ्या पडल्या. ‘घरची परिस्थिती बेताची’ ऐकून खुद्द आबांनी डोळे पुसले. आठवं पत्र संपलं. छकुलीने मान वर केली.

“आबा, म्हस घावली का?”

आबांनी अनघाताईंकडे पाहिलं, अनघाताईंनी सदस्य-सचिवांकडे. सुहास धावत गेला आणि पत्राची कड नखाने उकरू लागला. पत्रासोबत खालची अक्षरंही निघून आली. डिंक चांगल्या प्रतीचा होता. सुहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पोरी,” आबा म्हणाले, “आठ मोठ्या मानसांनी चांगलं म्हनलंय, म्हंजी घावलीच आसंल.”

“पर तुमच्यातल्या कुनी बगितलं का?”

सगळे हातातल्या चिक्कीकडे बघू लागले. छकुलीने पुस्तक मिटलं आणि सुहासच्या हातात दिलं.

“मंग आमच्या म्हशीलाबी येक पत्र द्या, आबा. तीबी यील.”

आबांनी तिथल्या तिथं पत्र दिलं. (क्रमांक चारशे चौदा. सदर म्हैस सुस्वभावी, निर्व्यसनी व कष्टाळू असल्याचं त्यात नमूद आहे.) छकुलीने ते घडी करून परकराच्या ओच्यात खोचलं आणि ती टेकडी चढून गेली. अहवाल वेळेत पोचला होताच. चार हजार टक्क्यांचं वर फार कौतुक झालं. करंजवाडी पद्धत आता इतर गावांतही राबवायची आहे, त्यासाठी अनुभवी माणसं हवी आहेत.

तेव्हा वाचकहो, चांदी म्हशीचं पुढं काय झालं, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी बुधवारी करंजवाडीच्या वाचनालयात यावं. पायरीवर छकुलीशेजारी जागा आहे. पलीकडे सुहासही बसलेला असतो. आणि ज्यांना तो प्रश्न पडलाच नाही, त्यांची नावं आम्ही समितीकडे पाठवत आहोत. ते आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत.