सहा तबकड्या आणि एक वजनकाटा

पावणेअकराला कचेरीच्या भिंतीवरच्या सहाही तबकड्या एकदम लाल झाल्या आणि धाकटी, कचेरीतली सगळ्यात नवी मुलगी, खुर्चीतून उठली. अकराला संचालक ती भिंत बघायला येणार होते. तिची नोकरी कायम होते की नाही, ते त्यावरच ठरायचं होतं.

पडद्यावर काटा फिरवणारी ही तबकडी तिनंच बनवलेली. एकदा तयार केली की कुणीही, कुठंही जोडावी. सर्व्हरवरचा भार दाखवा, गोदाम किती भरलंय ते दाखवा. आपापले आकडे द्या, काटा हलेल; पंचाहत्तरच्या वर गेला की तबकडी लाल. सहा विभागांनी ती हौसेनं उचलली होती.

"शंभरपैकी शहाऐंशी!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "सर्व्हर शहाऐंशी, गोदाम शहाऐंशी, तक्रारीसुद्धा शहाऐंशी?"

"एकी आहे साहेब आपल्यात," सर्व्हरवाला म्हणाला.

तेवढ्यात सहाही काटे धाडकन चारवर आले.

"मेले सर्व्हर!" म्हणत तो यंत्रखोलीकडे पळाला.

चार म्हटल्यावर धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी चाचणी घेताना तिनं तबकडीला बाबांचा इंटरनेटवाला वजनकाटा जोडला होता. कुणी आकडे दिलेच नाहीत, तर तबकडी बाबांचं वजन दाखवायची. आणि सहांपैकी एकानंही आकडे दिले नव्हते. काटा आपोआप हलतोय म्हटल्यावर कोण कशाला खटपट करतो?

ती जिन्यात धावली आणि फोन लावला.

"बाबा, वजनकाट्यावर कोण आहे?"

"मांजर. का गं?"

"तिला उतरवा, तुम्ही चढा. आणि कपाटाला रेलून सत्तरवर आणा."

"अगं, चार दिवस मावशीकडे जेवून आलोय! एवढ्यात सत्तर?"

"रेला म्हणतेय ना!"

"बाहत्तर… एकाहत्तर… असा किती वेळ उभा राहू?"

"संचालक जाईपर्यंत."

"माझा चहा व्हायचाय."

"पिऊ नका, वाढेल!"

संचालक आले, हिरव्यागार तबकड्या बघून खूश झाले आणि गेले. मध्ये एकदाच सहाही काटे थरारले. बाबा शिंकले असावेत.

पण धाकटीला राहवेना. तिनं साहेबांना सगळं सांगून टाकलं आणि खरे आकडे जोडले. काटे मान टाकून पडले. कुठं नऊ, कुठं सात, तक्रारींचा तर थेट शून्यावर.

"एकही तक्रार नाही?" साहेबांचा चेहरा उजळला.

"तक्रारीला आधी गिऱ्हाईक लागतं, साहेब," सर्व्हरवाला म्हणाला आणि त्यानं हळूच दार लोटून घेतलं.

साहेबांनी उठून दाराची कडी लावली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे वर कळलं तर सहातले पाच विभाग बंद होतील. बाबांना जोड परत."

संध्याकाळी धाकटी नोकरी कायम झाल्याचं पत्र घेऊन घरी आली. बाबा अजून कपाटाला रेलूनच होते. पत्राच्या तळाशी साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'वडील यापुढे पंचाहत्तरच्या वर जाऊ नयेत.'

आईनं ते दोनदा वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

"वीस वर्षं घसा फोडतेय मी," ती म्हणाली, "पण त्यावर कुणाची सही नव्हती."