मधल्या अठरा वर्षांचं काय करायचं

थोर माणसाच्या आयुष्यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे ज्याची नोंद कुणी ठेवली नाही तो. नोंद असली की वाद होतात. नसली की विकास होतो.

येशूच्या बाबतीत ही सोय फार मोठी आहे. बारा वर्षांचा असताना तो वल्हांडणाच्या सणात, म्हणजे इथे इस्राएलात ज्याला पेसाख म्हणतात त्याच्या गर्दीत, यरुशलेमला आईबापांच्या हातून सुटला आणि तीन दिवसांनी मंदिरात पंडितांशी चर्चा करताना सापडला. त्यानंतर तो दिसतो तो एकदम तिशीतच. मधली अठरा वर्षं मोकळी.

जन्म बेथलेहेमने घेतला, बालपण नाझरेथने, चमत्कार गालीलच्या तळ्याने. दक्षिणेत नेतिवोत आणि किर्यात गात यांच्या दरम्यानच्या एका गावाच्या (नाव सांगत नाही, विचारलं तरी कुणी आहे?) वाट्याला मात्र काहीच आलं नव्हतं. यात गावाचा दोष एवढाच की ते १९५५ साली वसलं. पण दोन हजार साल तोंडावर आलं, जगभरचे यात्रेकरू लोटणार असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि नगराध्यक्ष मेइर यांच्या लक्षात आलं की अठरा वर्षं म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेली जमीन आहे.

लगेच समिती नेमण्यात आली. समितीतल्या एकाही सदस्याने येशूचं चरित्र वाचलेलं नव्हतं. निःपक्षपातीपणाची याहून मोठी हमी नाही. तज्ज्ञ म्हणून निवृत्त शिक्षक रूबेन आष्टमकर यांना बोलावण्यात आलं. रूबेन ठाण्याहून तरुणपणी इथे आले होते, आणि लहानपणी तिकडच्या मिशनच्या शाळेत त्यांना बायबलच्या परीक्षेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. अख्ख्या गावात येशूविषयी बक्षीस मिळालेला हा एकच यहुदी.

"रूबेन, आम्हाला फार नको," मेइर म्हणाले. "दोन वर्षं बघा. फार तर तीन."

"कोणती?"

"कोणतीही. पार्किंगला जागा आहे."

फर्निचरवाला दोव म्हणाला, "चौदावं वर्ष माझ्या दुकानात ठेवा. सुतारच होता ना तो? माझ्याकडे हाताखाली माणूस टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तोही टिकला नाही म्हणून सांगू."

पण रूबेन पडले शिक्षक. प्रश्न आला की उत्तर शोधायचं, ही त्यांची खोड. त्यांनी पुस्तकं आणली. कुणी म्हणत होतं तो मिसरला गेला, कुणी वाळवंटातल्या बैराग्यांत, कुणी चुलत्याबरोबर इंग्लंडला, तर पुष्कळजण म्हणत होते हिंदुस्थानात. प्रत्येकाकडे पुरावा सारखाच होता, म्हणजे नव्हता. त्यामुळे निवड अवघड झाली.

"तुमच्या येशूचं राहू द्या हो," त्यांची बायको ग्रेस म्हणाली. "आधी आपला शोधा."

आपला म्हणजे ओफेक, मुलीचा मुलगा. लष्करातली तीन वर्षं संपवून, इथल्या रिवाजाप्रमाणे, पाठीवर पिशवी टाकून तो सहा महिन्यांपूर्वी इंडियात गेला होता. हिमाचलातून कुठून तरी त्याचा शेवटचा ईमेल आला होता: "सगळं ठीक." त्यालाही महिना उलटला. त्याची आई रूती फोन उशाशी घेऊन झोपायची, म्हणजे झोपायची नाही. पेसाख जवळ आला होता, आणि ग्रेसने जाहीर केलं होतं की पोरगा सेदेरला, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, आला नाही तर ती टेबल मांडणार नाही.

मुक्या फोनसमोर बसून अहवाल लिहिता लिहिता रूबेनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी लिहिलं:

(अ) इथला मुलगा विशीत आला की इंडियात जातो. याला पुरावा लागत नाही, तिकीट लागतं.
(आ) तो घरी काही कळवत नाही. नोंद नसण्याचं कारण हेच.
(इ) परत येतो तेव्हा केस खांद्यापर्यंत, दाढी छातीपर्यंत.
(ई) उद्याची चिंता करू नका असं सांगतो आणि नोकरी शोधत नाही.
(उ) त्याच्याबरोबर त्याच्यासारखेच दहा-बारा मित्र असतात आणि ते सगळे दुसऱ्यांच्या घरी जेवतात.

गल्लीत पाहणी केली असता शंभर टक्के तरुणांत ही लक्षणं आढळली. (तरुण चार. पैकी शिराचे केस आधीपासूनच लांब होते आणि दाढीच्या बाबतीत तिला सूट देण्यात आली.)

"म्हणजे तो आपल्याकडे नव्हताच?" मेइरचा चेहरा पडला.

"नव्हता. आणि हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो. इतर गावांना अशी खात्री आहे का?"

समितीला हे पटलं. हमरस्त्यावर चार भाषांत पाटी लागली: 'येशू अठरा वर्षं येथे नव्हता.' शेजारी स्वच्छतागृह बांधलं. बसगाड्या थांबू लागल्या. (पाटीसाठी की शेजारच्या सोयीसाठी, याची पाहणी समितीने जाणूनबुजून केली नाही.) अहमदनगरच्या एका वयस्क ख्रिस्ती बाईंनी पाटीसमोर हात जोडले. रूबेन मराठी बोलतात म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग होता कुठे, गुरुजी?"

"तुमच्याकडे, बाई. हिंदुस्थानात."

"अगंबाई! आईला सांगून गेला होता का?"

यावर अहवालात काही नव्हतं. रूबेन त्या दिवशी बसची वाट न पाहता चालतच घरी गेले.

सेदेरच्या दुपारी ओफेक दारात उभा राहिला. अनवाणी, गळ्यात मणी, मागे तीन मित्र.

"मेल्या, पाय बघ तुझे!" ग्रेस म्हणाली आणि डोळे पुसत नारळ खवायला बसली. रूतीने त्याला मिठी मारली, मनसोक्त रडली, आणि मग चौकशी सुरू झाली. ती मराठीत विचारत होती, तो हिब्रूत उत्तरं देत होता, आईला इमा आणि आजोबांना साबा म्हणत.

"कुठे होतास?"

"इंडियात."

"ते कळलं. इंडियात कुठे?"

"वर."

"काय करत होतास इतके दिवस?"

"काही नाही."

"कुणाबरोबर?"

"लोकांबरोबर, इमा."

रूबेननी हळूच विचारलं, "ठाण्याला गेलास का रे?"

"गाडीतून दिसलं, साबा. छान होतं."

रात्री टेबल मांडलं गेलं. नारळाच्या रसातल्या मटणाचं पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं. मग ओफेकने खोलीचं दार लावून घेतलं. रूती त्या दाराबाहेर बराच वेळ उभी होती.

दोन हजार वर्षांपूर्वीची अठरा वर्षं रूबेननी पाच मुद्द्यांत निकाली काढली होती. या सात महिन्यांबद्दल त्यांना अजून एक ओळ लिहिता आलेली नाही.

येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्या चौघांनी फार हलगर्जीपणा केला, असं विद्वान म्हणतात. वाचकांनाही तसं वाटत असेल, तर त्यांनी जरा पलीकडच्या खोलीचं बंद दार पाहावं. आत आपला मुलगा आहे, किंवा मुलगी. बारा वर्षांचं झाल्यापासून ते लेकरू कशाला भ्यालं, कुणावर जीव लावून बसलं, एवढंच कागदावर लिहून काढावं. (परीक्षेतले गुण आणि शिकवणीची फी धरू नये.) कागद कोरा राहिला तरी हरकत नाही. फक्त त्या चौघांना नावं ठेवू नयेत. ते बिचारे त्याच्या घरात राहत नव्हते.