दाराची आतली बाजू

नेवे-शाकेद नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर तक्रार नोंदणी विभाग आणि तक्रार निवारण विभाग शेजारी शेजारी आहेत. दोन्हींच्या मध्ये एक दार होते. गेल्या वर्षी रंगकाम झाले तेव्हा रंगाऱ्याने त्या दाराच्या चौकटीवरचा मेझुझा काढून खिडकीत ठेवला आणि खिळ्यांची भोके लांबीने बुजवून चौकट इतकी गुळगुळीत रंगवली, की तो आधी कुठल्या बाजूला होता हे कुणालाच सांगता येईना.

मेझुझा म्हणजे ज्यू लोक दाराच्या चौकटीला लावतात ती बोटाएवढी डबी. तिच्यात चर्मपत्रावर लिहिलेली धर्मग्रंथातली वचने असतात. आत शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या चौकटीवर, साधारण खांद्याच्या उंचीला ती ठोकायची. दोन खिळे, पाच मिनिटे. हे काम देखभाल विभागातल्या मखलूफ ओहायोनकडे आले. मखलूफच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि निवृत्तीच्या कागदाला ‘एकही काम प्रलंबित नाही’ असा दाखला जोडावा लागत असे. घरी त्याची बायको मसुदा वाट पाहत होती. तिथला नळ ‘निवृत्तीनंतर’ या सदराखाली तीन वर्षे गळत होता.

मखलूफ हातोडी घेऊन दारात उभा राहिला आणि त्याच्याकडून एक चूक झाली. त्याने विचारले, “आत म्हणजे कुठल्या बाजूला?”

नोंदणी विभागाच्या प्रमुख ब्रुरिया झिल्बरश्टाइन यांनी चष्मा काढला. “हे काय विचारणं झालं, मखलूफ? निवारणवाले दिवसातून चाळीसदा फायली मागायला माझ्याकडे येतात. येतात ना? मग येतात ते आतच येतात.”

पलीकडून निवारण विभागाचे प्रमुख शिमशोन गब्बाई चहाचा पेला घेऊन आले. “अरे, माणूस नोंदणीतून निवारणाकडे येतो. ओसरीतून घरात यावं तसा. त्यांचं दालन ही ओसरी आहे.”

“ओसरी?” ब्रुरियाबाई म्हणाल्या.

मखलूफने हातोडी पिशवीत ठेवली. एकतीस वर्षांच्या नोकरीत तो एवढे नक्की शिकला होता.

नगरपालिकेचे धर्मगुरू, रब्बी अमराम तोलेदानो, यांना बोलावणे गेले. त्यांनी दोन्ही दालने पाहिली आणि विचारले, “इथं कुणी राहतं का? झोपतं वगैरे?”

“झोपतात,” मखलूफ म्हणाला. “पण राहत नाहीत.”

“मग हे घर नव्हे. पुष्कळांच्या मते इथं मेझुझाची सक्तीच नाही. लावताना म्हणायचा आशीर्वाद वगळा, नुसता लावा आणि मोकळे व्हा.”

यावर दोन्ही प्रमुखांचे प्रथमच एकमत झाले. सक्ती नाही म्हणजे काय? त्यांचे दालन हे दालन नव्हे? रब्बींनी घाईने विषय बदलून दार ढकलून पाहिले. दार निवारण विभागात उघडत होते. “दार जिकडे उघडतं तिकडे आत,” असे सांगून ते जिन्याने खाली गेले. गब्बाईंनी चहाचा घोट घेतला. मखलूफने दोन्ही खिळे ओठांत धरले.

“थांबा,” ब्रुरियाबाई म्हणाल्या. “दार दुरुस्तीला आलं आहे.”

दुसऱ्या दिवशी ‘बिजागऱ्या उलट्या बाजूस बसवणे (तातडीचे)’ असा अर्ज देखभाल विभागात आला. देखभाल विभाग म्हणजे मखलूफ. त्याने दार फिरवले. आता ते नोंदणी विभागात उघडू लागले, म्हणजे आत तिकडे झाले. त्याच दुपारी गब्बाईंचा अर्ज आला. पुढच्या दोन आठवड्यांत मखलूफने दार सात वेळा फिरवले. आठव्या वेळी चौकटीत स्क्रू धरीना, म्हणून उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराला असते तसे दोन्हीकडे झुलणारे दार बसवण्यात आले. मखलूफची निवृत्ती ‘तूर्त’ पुढे ढकलण्यात आली.

“एक खिळा ठोकता येत नाही तुला?” मसुदाने विचारले.

“ठोकता येतो. कुठं ते सांगणारा माणूस नाही.”

“मी सांगते. उजवीकडे.”

“कुठून बघून उजवीकडे?”

मसुदा नळाखालची बादली बदलायला गेली.

झुलत्या दाराबद्दल रब्बींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, दारावरून कळत नसेल तर माणसे बहुतेक कुठून कुठे जातात ते बघा. हे कळताच ब्रुरियाबाईंनी आपल्या माणसांना त्या दारातून पलीकडे जायची मनाई केली. जाणारा दुसऱ्याला आतला ठरवतो, हे उघड होते. तासाभरात गब्बाईंनीही तसेच फर्मान काढले. दारापाशी एक कारकून वही घेऊन मोजणीला बसला होता. महिनाभरात त्याच्या वहीत एकच नोंद झाली, ती एका मांजराची, आणि मांजर अर्ध्या वाटेवरून परतल्यामुळे तीही वादग्रस्त ठरली.

फायली मात्र पलीकडे जायलाच हव्या होत्या. त्या टपालाने जाऊ लागल्या. पाच पावलांच्या अंतराला नऊ दिवस लागत. फुटलेल्या जलवाहिनीची एक तक्रार चुकून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एलात शहरात गेली आणि तिथल्या पालिकेने ती तत्परतेने निवारली. त्यांच्याकडे त्या नावाची गल्लीच नव्हती.

मग समिती नेमली गेली. दोन्ही बाजूंना एकेक मेझुझा लावावा, असे समितीने सुचवले. रब्बी म्हणाले, “एका दाराला दोन? आज्ञेत भर घालणं हे काट मारण्याइतकंच मना आहे.” मग तो उभा लावायचा की तिरका, हे निघाले. ब्रुरियाबाईंचे वाडवडील हंगेरीचे, ते तिरका लावत; गब्बाईंचे बगदादचे, ते उभा. तिरका लावला तर त्याचे वरचे टोक आतल्या बाजूला झुकवतात, त्यामुळे उपसमितीलाही पहिल्या प्रश्नावर परत यावे लागले. मेझुझावर ‘पुरावा क्रमांक चार’ अशी चिठ्ठी लावून तो अभिलेख कक्षात कुलूपबंद झाला.

अकराव्या फोनला रब्बी वैतागून म्हणाले, “अहो, दारच नसेल तर मेझुझाही नको. आता मला जेवू द्या.”

समितीने हे वाक्य, जेवणाचा भाग वगळून, शिफारस म्हणून इतिवृत्तात घेतले.

भिंत मखलूफनेच बांधली. इतकी सरळ भिंत त्याने एकतीस वर्षांत बांधली नव्हती, आणि इतकी लाजही त्याला कधी वाटली नव्हती. शेवटच्या विटेपुरती फट उरली तेव्हा गब्बाईंनी पलीकडून डोकावून विचारले, “ब्रुरिया, माझी साखरेची बरणी तुमच्याकडे आहे का?”

ब्रुरियाबाईंनी बरणी शोधून फटीतून दिली. त्या क्षणी दोघांनाही काहीतरी बोलावेसे वाटले, असे मखलूफ नंतर मसुदाला सांगत असे. पण बरणी नोंदणीकडून निवारणाकडे गेली, म्हणजे दिशा कोणती ठरली, याची नोंद करायला गब्बाई टेबलाकडे वळले, आणि मखलूफने वीट बसवली.

त्याला दाखला मिळाला: ‘दार अस्तित्वात नसल्याने काम पूर्ण.’ तो निवृत्त झाला. त्याने नळ दुरुस्त केला.

पाच महिन्यांनी त्याच्या गल्लीतले गटार तुंबले आणि मखलूफ तक्रार घेऊन पालिकेत आला. आता नोंदणी करून खाली उतरायचे, इमारतीला वळसा घालायचा आणि मागच्या जिन्याने निवारणाकडे चढायचे, असा मार्ग होता. लोक सरावले होते. कुणी डबा आणला होता, एक आजी दोन जिन्यांच्या मध्ये टेकायला घडीची खुर्ची घेऊन आली होती.

रांग भिंतीला लागून होती. भिंतीशी पोचलेला प्रत्येक जण एके ठिकाणी बोटे टेकवून ती ओठांना लावत होता, घरी दारातून जाताना लावतात तशी. तिथे रंगाशिवाय काही नव्हते. रंगही आता बोटांनी काळवंडला होता.

मखलूफला आतली एकेक वीट माहीत होती. त्याने ठरवले होते की आपण हात लावायचा नाही. पण पुढच्या बाईने लावला, तिच्यामागे त्याचाही हात आपसूक वर गेला.

“काका,” मागून खुर्चीवाली आजी म्हणाली, “तिथं नाही. उजवीकडे.”

“आजी, ही भिंत आहे. दार नाही.”

“ते दिसतंय मला. पण आत जाताना उजवीकडेच लावतात.”

“आत कुठं?”

आजीने उत्तर द्यायच्या आधीच मागचा एक गृहस्थ म्हणाला, “डावीकडेच बरोबर आहे, आपण बाहेर चाललोय.” त्यावर आणखी तिघे बोलू लागले. आवाज चढले. एकाने यावर समिती नेमावी, असा लेखी अर्ज जागच्या जागी लिहायला घेतला आणि सह्यांसाठी कागद पुढे सरकवला.

ही भिंत इथे का आहे, असे रांगेत कुणीच विचारले नाही. मखलूफ सांगू शकला असता, पण त्याचा नंबर जवळ आला होता. कागद त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याने सही केली आणि तो पुढे दिला. आता तो तुमच्याकडे येईल. पेन नसेल तर मागून घ्या. नंबर सोडू नका.